परत आलेली मिठाई

मित्सुए अजूनही जेवणाआधी विचारते, "खाऊ का?"

समोर उदोनच्या जाड शेवयांचा वाफाळता वाडगा असतो, पैसे तिने स्वतः दिलेले असतात, दुकानात आम्हा दोघांखेरीज कुणी नसतं. तरी काड्या हातात धरून ती माझ्याकडे बघते आणि हळूच विचारते. मी "खा ना, बाई" म्हटल्याशिवाय पहिला घास तोंडात जात नाही. मग तिची तिलाच लाज वाटते. कानाच्या पाळ्या लाल होतात, आणि ती वाडग्यावर इतकी वाकते की मला फक्त पांढरं डोकं दिसतं.

हिच्याच जिभेला एके काळी अख्खं युनोसे गाव घाबरायचं.

मी फिरत्या नाटक मंडळीतला. शिनोबु हे माझं रंगमंचावरचं नाव. जन्माने पुरुष, पण तोंडाला पांढरा रंग लागला की मी कुणाची सून, कुणाची प्रेयसी, कुणाची टाकलेली बायको. हिवाळा आला की आमच्या मंडळीचा मुक्काम युनोसेला पडायचा. गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. सांधे दुखणाऱ्या म्हाताऱ्या सकाळी झऱ्यात डुंबायच्या आणि दुपारी आमच्याकडे रडायला यायच्या. आधी नाटक, मग जेवणाची सुट्टी, मग नाचगाणी. सुट्टीत प्रेक्षक जागेवरच बसून डबे खायचे, आणि ते डबे यायचे समोरच्या सेकिमोतोच्या दुकानातून. कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला भात, कमळकाकडी, गोडसर अंड्याची वळकटी आणि भाताच्या मधोमध खारट आलुबुखार. आयुष्यात पुष्कळ ठिकाणी जेवलो, मोठमोठ्या हॉटेलांतही. पण तो भात पुन्हा मिळाला नाही. मिळाला तरी आता घशाखाली उतरणार नाही, ते का ते पुढे येईलच.

दुकान विधवा मित्सुएचं. तिचा धाकटा भाऊ तेत्सुझो तळणी सांभाळायचा, आणि एकोणीस-वीस वर्षांची मुलगी चिनात्सु डब्यांना दोऱ्या बांधायची. मित्सुए डबे वाटत थेट रंगपटात शिरायची. मला ती सगळ्यांसमोर ताई म्हणायची.

"शिनोबु ताई, आज कमरेचा पट्टा सैल बांधलास गं! काल कुणाच्या खिशातून बिअर?"

"तुझ्या भावाच्या."

"अगं बाई! त्याच्या खिशाला तर भोक आहे. सांडली असेल, प्यालीस कुठे?"

तेत्सुझो मागे कानावर सिगारेट खोचून उभा असायचा, लाजून हसायचा. पन्नाशीला टेकलेला अविवाहित माणूस. रोज तेच नाटक, रोज तीच आई आपलं मूल परक्याच्या दारात ठेवून जायची, आणि रोज तेत्सुझो बाजूच्या दारात उभा राहून तिथेच रडायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, ते मूल म्हणजे गुंडाळलेली उशी आहे." तर म्हणाला, "माहीत आहे हो. पण तिला थंडी वाजत असेल ना."

असा माणूस. हे त्याचं वाक्य मला अजून झोपू देत नाही.

शोवा सम्राटाचा काळ संपून दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा कुझेबाई गावात आली. पन्नाशीची, राखाडी किमोनो, आवाज असा की आपणच कान पुढे करावा. झऱ्यांच्या वरच्या आळीत तिने घर घेतलं होतं. घरात अंथरुणाला खिळलेली सासू आहे असं सांगायची. ती सासू कुणी कधी पाहिली नाही. पहिल्या रांगेत तिची जागा ठरलेली. आमच्यात रीत अशी की, नट नाचत असताना चाहत्याने पुढे यावं, नटाने मंचाच्या कडेला गुडघे टेकावेत, आणि चाहत्याने त्याच्या गळपट्टीला चिमट्याने नोट लावावी. कुझेबाई मालकांपासून नव्या पोरापर्यंत सगळ्यांना नोटा लावायची. आम्ही तिच्यापुढे इतके वाकायचो की विग घसरायचे.

तिने एक दिवस मित्सुएचा डबा खाल्ला, अर्धा घरी नेला. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन हळू आवाजात म्हणाली, "तक्रार नाही हो, सेकिमोतो सान. आमच्या सासूबाईंना रात्रभर उलट्या झाल्या. अंड्याने असेल, नसेलही. तुम्हाला माहीत असावं एवढंच."

त्या दिवशी डबे खाल्लेल्या दुसऱ्या कुणाचंही पोट दुखलं नव्हतं. मित्सुएला हे ठाऊक होतं. तरी तिने दुपारीच चेस्टनटच्या मिठाईचा चांगलासा खोका आणला, कापडात बांधला आणि वरच्या आळीत गेली. आमच्याकडे कुणीही हेच केलं असतं. आम्ही आधी माफी मागतो, मग काय झालं ते विचारतो. रस्त्यात एकाचा पाय दुसऱ्याच्या पायावर पडला तरी दोघंही वाकतात. माफी म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. दार कुरकुरू नये म्हणून बिजागरीला घातलेलं तेल आहे ते. समोरच्याने मिठाई घ्यायची, "कशाला त्रास घेतलात" म्हणायचं, पुन्हा दोघांनी वाकायचं, की विषय संपला.

कुझेबाईने खोका घेतला नाही.

"हे घेतलं तर मिटलं असं होईल," ती म्हणाली. "मिटलंय का? मला नका विचारू. तुमच्या मनाला विचारा."

मित्सुए खोका घेऊन परतली. पुढे घडलं ते मला काही कोर्टात कळलं, काही फार वर्षांनी तिच्याच तोंडून. ती म्हणते, "शिनोबु ताई, तिने शिव्या दिल्या असत्या तर मी दुप्पट दिल्या असत्या. पण खोका परत आला ना, तेव्हा शिव्या द्यायच्या कुणाला तेच कळेना. परत आलेल्या मिठाईचं करायचं काय? घरात खाता येत नाही, टाकवत नाही. फळीवर ठेवली. येता-जाता ती माझ्याकडे बघायची."

ती पुन्हा गेली. मग भावाला घेऊन गेली. मग मुलीलाही. कुझेबाईने दर वेळी चहा दिला, दर वेळी खोका परत केला, आणि दर वेळी विचारलं, "नेमकी कशाबद्दल माफी मागताय?" माफीला कारण हवं म्हणून मित्सुए कारणं शोधू लागली. तेल जुनं असेल. हात नीट धुतले नसतील. तेत्सुझो तळणीपाशी सिगारेट ओढतो. कुझेबाई मान डोलवायची. "बघा, कसं मोकळं वाटतं सांगितलं की. तुम्ही प्रामाणिक आहात, मित्सुए सान. घरातले सगळे इतके प्रामाणिक आहेत का?"

थंडी वाढली तशी कुझेबाईच खाली येऊ लागली. संध्याकाळी दुकानामागच्या खोलीत त्यांची बैठक बसायची. शाळेत दिवस संपताना मुलं उभी राहून आजच्या चुका सांगतात, आमच्या मंडळीतही प्रयोगानंतर मालकांसमोर सांगाव्या लागत. त्यामुळे यात कुणाला काही भलतं वाटलं नाही. फक्त इथे प्रत्येकाने दुसऱ्याच्या चुका सांगायच्या होत्या. ज्याच्या सर्वांत जास्त निघतील त्याने त्या दिवशी विचारून खायचं, विचारून झोपायचं, विचारून संडासला जायचं. कुझेबाई स्वतः शिक्षा कधी सांगत नसे. ती फक्त विचारायची, "तुम्हाला काय योग्य वाटतं?"

इथेच तिची खरी कला होती. मी नट आहे, म्हणून सांगतो. वाईट नट समोरच्याला आपलं वाक्य ऐकवतो. चांगला नट समोरच्याच्या तोंडून ते काढून घेतो, आणि त्या बिचाऱ्याला वाटतं, मीच बोललो.

गावाला दिसायचं ते एवढंच, की मित्सुए आता रंगपटात येत नाही, डबे दारात ठेवून जाते. चिनात्सुचा चेहरा उतरलाय. तेत्सुझोच्या कानावर सिगारेट नाही. सगळ्यांना दिसलं. पण दुसऱ्याच्या घरात डोकावणं आमच्याकडे आगाऊपणा समजतात. आमचे मालक दांझो एवढंच म्हणाले, "दुकान फार चालतंय वाटतं. दमलेत बिचारे." मी म्हटलं, "हो." आणि भुवया कोरायला लागलो.

शिक्षा आळीपाळीने येई, पण हळूहळू ती तेत्सुझोवरच थांबायला लागली. तो उलट बोलत नसे, म्हणून. एका संध्याकाळी बैठकीत चिनात्सुचं नाव पुढे यायला लागलं. कुझेबाई म्हणाली, "मुलगी लपवते. तरुण आहे, तिला थोडं कडक काही हवं. तुम्हाला काय योग्य वाटतं, मित्सुए सान?"

मित्सुए घाईघाईने म्हणाली, "तिचं नको. चूक तेत्सुझोची आहे. त्याला एक रात्र बाहेर ठेवू. गच्चीवर. कपडे वाळत घालतो तिथे."

हे वाक्य तिचं होतं. कोर्टात वकिलाने तिला समजावलं, "तुमच्याकडून वदवून घेतलं म्हणा." ती म्हणाली, "नाही. शब्द माझे होते."

"कडी कोण लावेल?" कुझेबाईने विचारलं. चिनात्सुने लावली.

त्या रात्री बर्फ पडलं. तेत्सुझोने दार वाजवलं नाही. वाजवलं असतं तर ती उघडणार होती, असं मित्सुए सांगते, आणि सांगून झाल्यावर म्हणते, "कुणास ठाऊक, उघडलं असतं का." सकाळी तो कपड्यांच्या बांबूखाली गुडघे पोटाशी घेऊन बसलेला सापडला. कुझेबाई तोंडावर रुमाल धरून रडली. "अरे देवा, काय केलंत हे तुम्ही दोघींनी? मी तर इथे नव्हतेच. पण घाबरू नका. मी कुणाला सांगणार नाही." आणि मग तिनेच सुचवलं, म्हणजे विचारलं, की दुकानामागच्या कोठाराखाली लोणच्याच्या पिंपांसाठी खड्डा आहे ना?

गावाला सांगितलं, तेत्सुझो ओसाकाला कामाला गेला. सगळे म्हणाले, बरं झालं, संसार थाटेल. दुकान बंद ठेवलं तर संशय येईल म्हणून दुसऱ्या दिवसापासून डबे सुरू झाले. आम्ही ते खाल्ले. मी खाल्ले, मालकांनी खाल्ले, झऱ्यावरच्या म्हाताऱ्यांनी खाल्ले. "भात आज मऊ झालाय," एक म्हातारी म्हणालीसुद्धा. कोर्टात हे वाचून दाखवलं तेव्हा मागच्या बाकांवरून एकेक जण खाली मान घालून बाहेर गेला.

मधल्या काळात मित्सुए पोलीस चौकीत जाऊन आली होती. पण रिकाम्या हाताने कसं जायचं? ती फळीवरचा तोच मिठाईचा खोका घेऊन गेली. दारात वाकली आणि सवयीने पहिला शब्द निघाला तो माफीचा. "माफ करा. आमच्या घरामुळे त्रास होतोय."

तरुण शिपाई उभा राहिला, तोही वाकला. "छे छे, सेकिमोतो सान! आवाजाबद्दल म्हणताय का? शेजारी बोलले होते, पण घरातली भांडणं कुठे होत नाहीत? घरचं घरात मिटवा." त्याने तिला चहा दिला. खोका मात्र नियमात बसत नाही म्हणून घेतला नाही. पुढचं वाक्य तिच्या ओठांवर होतं: माझा भाऊ. पण त्यामागे उभं होतं दुसरं: मी म्हटलं, बाहेर ठेवू. आणि मुलीने कडी लावली. त्या लाजेपुढे तिचं तोंड उघडेना. ती चहा संपवून, तीन वेळा वाकून, खोका घेऊन घरी आली.

आता बैठकीत आई आणि मुलगी दोघीच. एकमेकींच्या चुका सांगायच्या. चिनात्सु इतकी वाळली होती की दोरीची एक गाठ तिला दोनदोनदा मारावी लागायची. एका सकाळी कुझेबाई म्हणाली, "आज संध्याकाळी चिनात्सुचं काय ते ठरवून टाकू. गच्ची धुऊन ठेवा. पण त्याआधी दुपारी नाटकाला जाऊ या तिघी. फार दिवसांत लोकांनी तुम्हाला हसताना पाहिलं नाही. बरं दिसत नाही ते."

मित्सुएला कळलं की संध्याकाळी आपल्याला विचारलं जाईल, आणि आपण काहीतरी म्हणू. तिला स्वतःची भीती वाटली. कुझेबाईची नाही, स्वतःच्या तोंडाची.

त्या दुपारी पहिल्या रांगेत तिघी चांगले कपडे करून बसल्या होत्या. नाटक झालं, नाच सुरू झाले. मी पांढऱ्या किमोनोत, हातात छत्री, बर्फातून चाललेल्या बाईचा नाच करत होतो. गाणं मध्यावर आलं तेव्हा कुझेबाईने मित्सुएच्या हातात नोट ठेवली आणि तिला कोपराने ढोसलं. जा, लाव. सगळ्यांना दिसू दे.

मित्सुए उठली. मी कडेला आलो, गुडघे टेकले, मान तिरकी केली. तिने चिमटा उघडला. नोट एकदा खाली पडली, लोक हसले. मग ती माझ्या कानाशी वाकली.

"माफ कर, ताई," ती म्हणाली. "तेत्सुझो ओसाकाला नाही. कोठाराखाली आहे. आम्ही मारलं त्याला. आज चिनात्सुची पाळी आहे. तिला घरी जाऊ देऊ नकोस."

आणि सरळ होऊन, पूर्वीसारखी माझ्या खांद्यावर थाप मारून, सगळ्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "काय गं बाई, वजन वाढलंय तुझं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाळीस वर्षांत माझ्यासमोर अनेकांनी अभिनय केला, पण त्या थापेच्या तोडीचं काही पाहिलं नाही. पुढे मी तिला विचारलं होतं, "पोलिसाला सांगता आलं नाही, मला कसं सांगितलंस?" म्हणाली, "तुझ्या तोंडावर रंग होता ना. माणसाचा चेहरा असता तर नसतं जमलं."

गाणं संपेपर्यंत नाचलो. छत्री मिटून विंगेत आलो आणि मालकांना धरलं.

"दांझो दादा, पोलिसांना फोन करा."

"का रे? पाकीट मारलं कुणाचं?"

"सेकिमोतोच्या कोठाराखाली तेत्सुझो आहे. मेलेला."

"शिनोबु, तू प्यायलायस."

"दादा, आजवर तुमच्याशी खोटं बोललोय ते फक्त मंचावर!"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. घामाने रंग ओघळत होता. ते फोनकडे पळाले.

आता फक्त वेळ काढायचा होता. खेळ संपला की आम्ही सगळे नट वेशभूषेतच दाराबाहेर रांगेत उभे राहतो आणि प्रत्येक प्रेक्षकाचा हात हातात घेऊन निरोप देतो. त्या रांगेतून गेल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. मी मुद्दाम सर्वांत शेवटी उभा राहिलो. आधी मित्सुए आली, माझ्याकडे न बघता पुढे गेली. मग चिनात्सु. मी तिचा हात धरला. पक्ष्याचा पाय असावा तसा हात. मी तो सोडला नाही.

"शिनोबु सान," मागून कुझेबाईचा मऊ आवाज, "मुलीला उशीर होतोय."

"कुझेबाई, आज माझा वाढदिवस! चिनात्सुबरोबर एक फोटो तर हवाच."

"तुमचा वाढदिवस उन्हाळ्यात असतो. तुम्हीच सांगितलं होतंत."

"बायकांना वाढदिवस कितीही असतात हो! आणि वय एकही नसतं."

रांगेतल्या म्हाताऱ्या खो-खो हसल्या. "शिनोबु, आम्हालाही घे फोटोत!" "माझा कॅमेरा कुठाय गं?" "अगं, तुझ्या गळ्यात!" बघता बघता दारात ही गर्दी. म्हाताऱ्यांनी कुझेबाईलाच ओढून मधोमध उभं केलं. गावची एवढी मोठी आश्रयदाती! इतक्या लोकांसमोर तिला आवाज चढवता येईना, मुलीला ओढता येईना. ती हसत उभी राहिली. तो फोटो माझ्याकडे आहे. मधे कुझेबाई हसतेय, बाजूला मी रंग ओघळलेला, आणि माझ्या मुठीत चिनात्सुचा हात. मित्सुए फोटोत नाही. ती रस्त्यापलीकडे, आपल्या दुकानाच्या बंद दाराला पाठ लावून जमिनीवर बसली होती.

पोलिसांच्या गाड्या आल्या. कुझेबाई म्हणाली, "काही गैरसमज असेल. मी तर पाहुणी." आणि चिनात्सु, जिच्यासाठी हे सगळं केलं ती, माझा हात हिसडून आईकडे धावली आणि गावासमोर किंचाळली, "का सांगितलंस? आई, का सांगितलंस? आता तोंड कुठे दाखवायचं आपण?"

मित्सुए तिथेच जमिनीला कपाळ लावून, कोणाला ते कळत नव्हतं, पण माफी मागत राहिली.

कुझेबाई अजून तुरुंगात आहे, मरेपर्यंत राहील. मित्सुएला काही वर्षांची शिक्षा झाली. चिनात्सुला कोर्टाने सोडलं, आणि ती आईला एकदाही भेटायला गेली नाही. दुकान पाडलं, तिथे गाड्या उभ्या करतात. पुढच्या हिवाळ्यापासून आम्हाला युनोसेचं बोलावणं आलं नाही. गावाला आमची तोंडं बघवत नव्हती, आम्हालाही त्यांची.

सुटल्यावर मित्सुए दूरच्या एका गावात गेली आणि सरायीच्या धुलाईघरात चादरी धुऊ लागली. मी म्हातारा झालो, मंडळी मोडली. महिन्यातून एकदा तिला भेटायला जातो. चादरी ती धुते, पण वाळत घालायला गच्चीवर जात नाही. ते काम दुसरी करते. तिची जीभ क्वचित जागी होते. मागे मला म्हणाली, "ताई, म्हातारपणी तू अगदी पुरुषासारखा दिसायला लागलास गं." आणि दोघंही हसलो, मग हसल्याची तिला लाज वाटली.

चिनात्सुचं लग्न झालंय, आडनाव बदललंय, कुमामोतोला चाव्या बनवण्याचं छोटंसं दुकान आहे नवरा-बायकोचं. मित्सुए दर वर्षी हिवाळ्यात चेस्टनटच्या मिठाईचा खोका घेऊन तिथे जायची, दाराच्या घंटेपर्यंत हात न्यायची आणि परत यायची. खोका परत यायचा. यंदा मी म्हटलं, "मी येतो बरोबर."

"आणि तिने नाही घेतला तर?"

"तर मी खाईन. मला साखर बंद आहे, पण तुझ्यासाठी तेवढं पुण्य करीन."

घंटा मीच वाजवली. दार चिनात्सुने उघडलं. चाळिशीची बाई, कमरेला काळा ॲप्रन, बोटांना तेल. तिने आधी मला ओळखलं, मग माझ्या मागे कमरेत वाकलेली आई दिसली. मित्सुए वाकूनच होती. दोन्ही हातांवर खोका पुढे धरलेला. ठरवून आलेली वाक्यं होती तिची, गाडीत मला म्हणून दाखवली होती. पण तोंडातून एकही निघालं नाही.

चिनात्सु कितीतरी वेळ त्या खोक्याकडे बघत राहिली. आतून नवऱ्याने विचारलं, "कोण आहे?"

मग तिने खोका घेतला.

भेट देणाऱ्यासमोर उघडायची नाही ही आमची रीत, लहान मुलालाही ठाऊक असते. चिनात्सुने तिथेच, उंबऱ्यात उभ्या उभ्या, कागद टराटरा फाडला. एक मिठाई काढून तोंडात कोंबली. तेलकट बोटांनी, रागाने चावत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती चावत होती. मग दुसरी काढून आईच्या हातावर ठेवली.

मित्सुएने मान वर केली. ओठ हलले. "खाऊ..."

"विचारू नकोस!" चिनात्सु ओरडली. "आई, मला विचारू नकोस!"

आणि दार लावून घेतलं. आपटून नाही. पण लावून घेतलं. आतून कडीचा आवाज आला, आणि मित्सुए त्या आवाजाने जागच्या जागी दचकली.

परतीच्या गाडीत ती खिडकीपाशी बसली. मिठाई अजून मुठीत होती, चेपून तिचा लगदा झाला होता. बरीच स्टेशनं गेली. मग तिने खांद्याने मला थोडं पलीकडे ढकललं, तोंड काचेकडे वळवलं आणि कुणालाही न विचारता, घाईघाईने, चोरून खाल्ल्यासारखी ती मिठाई खाल्ली.

मी समोरच्या बाकावरच्या बाईच्या टोपीकडे बघत राहिलो.